माग लावणे आणि माग चालवणे : हातमाग-शिक्षणाच्या क्रमाचा विचार

१. प्रस्तावना

हातमाग म्हटले की धोटा फेकणारा आणि हात्या ओढणारा विणकर डोळ्यांसमोर येतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या मनातही बहुधा हेच चित्र असते. म्हणून समुदाय महाविद्यालयांत किंवा लघुमुदतीच्या प्रशिक्षण वर्गांत पुष्कळदा असे घडते की, माग तयार स्थितीत येतो. त्यावर ताणा आधीच चढवलेला असतो, वही आणि फणी भरलेली असते. विद्यार्थी पावडी दाबतात, धोटा फेकतात, काही दिवसांत वारभर कापड विणतात आणि प्रमाणपत्र घेतात. पुढे ताणा संपतो आणि माग थांबतो. तो पुन्हा लावावा कसा, हे वर्गात कोणालाच ठाऊक नसते.

माग चालवणे आणि माग लावणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले हाताला तुलनेने लवकर बसते. दुसऱ्यासाठी मोजमाप, क्रम, संयम आणि चूक ओळखण्याची नजर लागते. कापड चांगले निघणार की वाईट, हे बव्हंशी पहिला धोटा फेकण्यापूर्वीच ठरलेले असते. प्रस्तुत लेखात माग लावण्याच्या पायऱ्या एका छोट्या उदाहरणाच्या आधारे समजावून दिल्या आहेत. त्यानंतर हे कौशल्य अभ्यासक्रमातून का निसटते याचा चंदेरीच्या उदाहरणावरून विचार केला आहे आणि शेवटी वर्गासाठी क्रम सुचवला आहे.

२. मागाचे भाग आणि त्यांचे काम

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. लांबीच्या दिशेने ताणून धरलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांच्यातून रुंदीच्या दिशेने जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. माग कोणताही असो, खड्ड्याचा असो वा चौकटीचा, त्याचे मूळ काम एकच आहे : ताणा सारख्या ताणात धरून ठेवणे आणि बाण्याला त्यातून जाण्यासाठी वाट करून देणे.

मागाच्या मागील बाजूस बीम असतो. त्यावर ताणा गुंडाळलेला असतो. तेथून निघालेला प्रत्येक धागा वहीतील एका डोळ्यातून जातो. (या वहीचा लिहिण्याच्या वहीशी संबंध नाही, काही भागांत तिला राच म्हणतात.) वह्या पावड्यांना बांधलेल्या असतात. पावडी दाबली की काही वह्या खाली जातात, काही वर राहतात आणि धाग्यांच्या दोन थरांमध्ये फट पडते. वहीतून आलेले धागे पुढे फणीच्या घरांतून जातात. फणी हात्यात बसवलेली असते. ती दोन कामे करते : धाग्यांमधील अंतर राखते आणि बाण्याचा प्रत्येक धागा कापडाशी ठोकून बसवते. पुढच्या बाजूस विणलेले कापड गुंडाळण्याचा रूळ असतो.

धोट्यात कांडी असते आणि कांडीवर बाण्याचे सूत. पूर्वी धोटा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घ्यावा लागे. कापड रुंद असेल तर दोन विणकर शेजारी बसत. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या धोट्याची युक्ती काढली. आपल्याकडील बहुतेक विणकर-वस्त्यांत आता हा झटक्याचा माग रूढ आहे. त्यामुळे विणण्याचा वेग वाढला. मात्र ताणा तयार करण्याचे काम जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले.

३. सुताचा हिशेब

माग लावण्याचे पहिले काम कागदावर होते. उदाहरणादाखल नवशिक्यांच्या वर्गासाठी साध्या विणीचे, फणीत २० इंच रुंद आणि १० वार लांब सुती कापड घेऊ. सूत २/२०, म्हणजे वीस नंबरच्या दोन पदरांना पीळ देऊन केलेले. दुपदरी सूत सुचवण्याचे कारण असे की ते एकपदरी सुतापेक्षा मजबूत असते, सहज तुटत नाही आणि बहुधा खळ न लावताही मागावर टिकते.

सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात याची संख्या. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. वीस नंबरचे दोन पदर एकत्र आले की जाडी दहा नंबरच्या सुताइतकी होते. म्हणजे एका पौंडात दहा लडी, अर्थात ८४०० वार सूत.

फणीचा नंबर सामान्यतः दोन इंचांतील घरांवरून सांगतात. ३२ नंबरच्या फणीत दोन इंचांत ३२, म्हणजे इंचाला १६ घरे असतात. प्रत्येक घरात दोन धागे घेतले तर इंचाला ३२ धागे होतात. २० इंचांना ६४० धागे. काठ मजबूत राहावा म्हणून दोन्ही बाजूंच्या शेवटच्या चार-चार घरांत दोनाऐवजी चार धागे घ्यावेत. म्हणजे एका बाजूला ८ आणि दोन्ही मिळून १६ धागे वाढतात. एकूण ६५६.

आता लांबी. विणताना ताण्याचा धागा बाण्याच्या वरून-खालून वळणे घेत जातो, त्यामुळे तो आखडतो. धुतल्यावर कापड आणखी आटते. यासाठी दहा टक्के धरून ११ वार. सुरुवातीला गाठी बांधण्यासाठी आणि शेवटी वहीमागे उरणाऱ्या न विणता येणाऱ्या टोकासाठी आणखी २ वार. एकूण १३ वार. ६५६ धागे गुणिले १३ वार म्हणजे ८५२८ वार. यास ८४०० ने भागले असता सुमारे १.०१५ पौंड, म्हणजे साधारण ४६० ग्रॅम सूत ताण्याला लागेल.

बाणा इंचाला २८ धागे धरल्यास ११ वारांत, म्हणजे ३९६ इंचांत, ११,०८८ धागे पडतील. प्रत्येक धागा २० इंचांचा धरला तर ६१६० वार, म्हणजे सुमारे ३३३ ग्रॅम. ताणा आणि बाणा मिळून साडेसतरा लडी होतात. तुटणारे आणि कांड्यांवर उरणारे सूत लक्षात घेऊन एकोणीस लडी घेणे योग्य.

हा हिशेब गणिताच्या शिक्षकांनी मुद्दाम वर्गात घ्यावा असा आहे. गुणाकार, टक्केवारी, एककांचे रूपांतर आणि अंदाज हे सारे त्यात येते. त्यातील चुकीची किंमत लगेच कळते. दोन वार धरायचे राहिले, तर विणायला सुरुवात करण्यापूर्वीच कापड दोन वारांनी तोकडे झालेले असते.

४. ताणा काढणे

लडीचे सूत प्रथम रहाटावर बॉबिनींवर भरून घेतात. नंतर खुंट्यांच्या चौकटीवर किंवा मोठ्या फिरत्या पिंजऱ्यावर ठरलेल्या लांबीचा ताणा काढतात. एका वेळी १६ बॉबिनींचे धागे एकत्र घेतले, तर आपल्या उदाहरणात ४१ फेऱ्यांत ६५६ धागे पूर्ण होतात.

या टप्प्याचा प्राण म्हणजे धाग्यांची फुली. ताण्याच्या एका टोकाला दोन खुंट्यांमधून जाताना एक धागा पहिल्या खुंटीच्या वरून व दुसरीच्या खालून, तर शेजारचा धागा नेमका उलट नेतात. त्यामुळे दोन खुंट्यांच्या मध्ये धाग्यांची फुली पडते आणि प्रत्येक धाग्याची जागा पक्की होते. पुढे शेकडो धागे हातात आले तरी कोणत्यानंतर कोणता हे फुलीवरून कळते. चौकटीवरून ताणा काढण्यापूर्वी फुलीच्या दोन्ही बाजूंना दोरी ओवून बांधावी लागते. दोरी न बांधता ताणा उतरवला, तर त्याचा गुंता होतो आणि सारे सूत वाया जाण्याची पाळी येते. मागावर नेल्यावर या दोऱ्यांच्या जागी दोन गुळगुळीत काड्या घालतात. त्या विणकाम संपेपर्यंत ताण्यात राहतात.

दुसरी काळजी ताणाची. ताणा काढताना हात कधी सैल, कधी ताठ राहिला तर धाग्यांची लांबी कमीजास्त होते. हा दोष या टप्प्यावर दिसत नाही. मागावर काही वार विणून झाल्यावर काही धागे ढिले पडू लागतात, तेव्हा तो उघड होतो. म्हणून एका ताण्याची फेरी शक्यतो एकाच व्यक्तीने पूर्ण करावी. विद्यार्थ्यांना संधी मिळावी म्हणून दर दहा फेऱ्यांनी हात बदलण्याचा मोह टाळणे इष्ट. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा लहान ताणा काढू द्यावा.

५. खळ आणि बीम भरणे

सूत एकपदरी असेल तर त्यास खळ लावावी लागते. वही आणि फणी यांच्याशी सतत घासून एकपदरी सुताचे तंतू उभे राहतात आणि धागा तुटतो. तांदळाची किंवा मैद्याची पातळ खळ, त्यात थोडे तेल, असा पारंपरिक प्रकार आहे. ताणा मोकळ्या जागेत पसरून त्यावर कुंच्याने खळ चढवण्याच्या कामाला पांजणी म्हणतात. खळ जाड झाली की सूत कडक होऊन मोडते. पातळ झाली की तंतू उभेच राहतात. तिचे प्रमाण हवेतील दमटपणावरही अवलंबून असते. कोरड्या हवेतले माप पावसाळ्यात चालेलच असे नाही.

बीम भरताना किमान दोघे लागतात. एक जण ताणा सारखा ताणून धरतो, दुसरा बीम फिरवतो. ताणा २० इंच रुंदीत सारखा पसरावा म्हणून तो विरळ दात्यांच्या फणीतून नेतात. दर फेऱ्याला जाड कागद किंवा सपाट पट्ट्या घालाव्यात. अन्यथा वरचे धागे खालच्या थरात रुततात आणि कडेचे धागे घसरतात. बीमवर कडा घसरलेला ताणा पुढे कोणत्याही युक्तीने सरळ होत नाही.

६. वहीभरणी आणि फणीभरणी

साध्या विणीला दोन वह्या पुरतात. पण धागे दाट असतील तर चार वह्या घेणे सोयीचे. एकेका वहीत धाग्यांची गर्दी कमी होते आणि घर्षण घटते. क्रम १, २, ३, ४ असा सरळ ठेवावा. पहिली आणि तिसरी वही एका पावडीला, दुसरी आणि चौथी दुसऱ्या पावडीला बांधली की साधी वीण मिळते. पुढे याच भरणीवर पावड्यांची बांधणी बदलून तिरपी वीणही शिकवता येते.

काठाचे जादा धागे वहीच्या डोळ्यातही जोडीनेच घ्यावेत, म्हणजे विणीचा क्रम बिघडत नाही. अशा रीतीने ६५६ धाग्यांना ६४० डोळे लागतात. प्रत्येक वहीवर १६०. भरणीला आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक वहीवरील डोळे मोजून घ्यावेत. निम्म्या वाटेवर डोळे कमी पडले, तर सारे पुन्हा करावे लागते.

हे काम दोघांचे आहे. मागे बसलेली व्यक्ती फुलीवरून पुढचा धागा ओळखून हाती देते. पुढची व्यक्ती आकड्याने तो डोळ्यातून ओढते. दर ३२ धाग्यांनी थांबून क्रम तपासावा आणि जुडी करून सैल गाठ मारावी. नंतर याच जुड्या सोडून फणीच्या प्रत्येक घरातून दोन-दोन धागे ओढतात. भरणी फणीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना मोजून करावी, म्हणजे कापड हात्याच्या मधोमध येते.

७. जोडणी, ताण आणि विणणे

फणीतून आलेले धागे साधारण एक-एक इंचाच्या जुड्यांनी पुढच्या रुळाच्या काठीला बांधतात. प्रथम मधली जुडी, मग दोन्ही कडांच्या, नंतर उरलेल्या. सुरुवातीला अर्धी गाठ मारून सर्व जुड्या तळहाताने दाबून पाहाव्यात. सगळीकडे सारखा ताण लागला की गाठी पक्क्या कराव्यात. ताणाची ही परीक्षा हाताने करावयाची आहे. विद्यार्थ्याने डोळे मिटून ती करून पाहिल्यास हाताला लवकर सवय होते.

त्यानंतर वह्यांची उंची लावावी. पावडी दाबल्यावर खालचा थर हात्याच्या पट्टीला जेमतेम टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला, तर धोटा धाग्यांखाली शिरतो. फट स्वच्छ उघडत नसेल, तर धोटा अडखळतो किंवा उडून बाहेर पडतो. झटक्याच्या धोट्याची टोके धातूची असतात. म्हणून मागाच्या दोन्ही बाजूंना, धोट्याच्या रेषेत, कोणासही उभे राहू देऊ नये. हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

प्रत्यक्ष विणण्यात तीनच क्रिया आहेत : पावडी दाबून फट उघडणे, धोटा फेकणे, हात्या ओढून बाणा ठोकणे. नवशिक्याचे लक्ष वेगाकडे असते, तर शिक्षकाने ते लयीकडे वळवावे. प्रत्येक ठोका सारख्या जोराचा असला, तरच इंचाला २८ धागे सारखे पडतात. पुठ्ठ्यात एक इंचाची खिडकी कापून ती कापडावर ठेवावी आणि धागे मोजावेत. कापड रुळावर थोडे-थोडे आणि वरचेवर गुंडाळावे. एकदम पुष्कळ गुंडाळले, की ताण बदलतो आणि कापडावर आडवा पट्टा उमटतो.

८. चुका वाचणे

कापडातील प्रत्येक दोष हा मागाच्या एखाद्या टप्प्याकडे बोट दाखवतो. कापडभर उभी विरळ रेघ दिसली, तर फणीचे एक घर रिकामे राहिले आहे. उभी दाट रेघ दिसली, तर एका घरात जादा धागा गेला आहे. दोन शेजारचे धागे सतत एकत्र वर-खाली होत असतील, तर वहीभरणीचा क्रम चुकला आहे. एकाच ठिकाणी फट उघडत नसेल, तर वही आणि फणी यांच्यामध्ये दोन धाग्यांचा आडवा-तिडवा गुंता आहे. काठ आत ओढला जात असेल, तर कांडीवरून सूत फार ताठ सुटते आहे किंवा फटीत बाणा पुरेसा सैल सोडला जात नाही. काठावर सुताचे फास दिसत असतील, तर ते फार सैल सुटते आहे. एकच धागा वारंवार तुटत असेल, तर त्या जागी वहीचा डोळा किंवा फणीचा दाता खरखरीत आहे का, हे बोट फिरवून पाहावे.

या यादीत प्रत्यक्ष विणण्याच्या हालचालींतून उद्भवणारे दोष थोडे आहेत आणि माग लावण्यातून येणारे अधिक आहेत. विद्यार्थ्याने माग स्वतः लावला असेल, तर तो दोषाचे मूळ शोधू शकतो. तयार ताण्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र कापड खराब निघते आहे एवढेच दिसते.

९. हे कौशल्य का दिसत नाही : चंदेरीचे उदाहरण

मध्य प्रदेशातील चंदेरी हे गाव पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. तेथील तलम साड्यांना ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, नागपूर येथील मराठी राजघराण्यांत मोठा मान होता. ग्वाल्हेर संस्थानाने १९१० साली तेथे विणकाम-प्रशिक्षण केंद्र सुरू केले. २००५ साली चंदेरी कापडाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आज तेथे अन्सारी मुसलमान आणि कोळी हिंदू अशा दोन्ही समाजांचे विणकर शेजारी-शेजारी काम करतात.

चंदेरीच्या साडीत सुमारे चार हजार उभे धागे असतात. त्यातले रेशीम न उकळलेले, म्हणजे डिंकासह वापरले जाते. त्यामुळे कापडास पारदर्शक चमक येते. एवढे धागे दर वेळी नव्याने वहीत भरणे परवडणारे नसते. म्हणून जुना ताणा संपत आला की त्याची टोके वही-फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. मग सारा ताणा हळूहळू पुढे ओढून घेतात. अशी सांधणी अनेक विणकर-वस्त्यांत चालते.

या सोयीचा एक परिणाम शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सांधणीवर चालणाऱ्या घरात कोरी वहीभरणी क्वचितच होते. रुंदी, सुताचा नंबर किंवा वीण बदलायची असेल तेव्हाच ती करावी लागते. त्यामुळे विणकराच्या घरात वाढलेल्या मुलानेही ती प्रत्यक्ष पाहिलेली नसण्याची शक्यता असते. जे कापड आहे तेच विणत राहण्यासाठी सांधणी पुरते; नवे कापड काढायचे असेल, तर मात्र हिशेबापासून वहीभरणीपर्यंत सारे यावे लागते.

दुसरा मुद्दा श्रमविभागणीचा. विणकर-घरांत कांड्या भरणे, सूत उकलणे, धागे जोडणे ही कामे पुष्कळदा स्त्रिया, मुले आणि वृद्ध करतात. ताणा काढण्याचे काम काही ठिकाणी वेगळ्या कारागिराकडे असते. मजुरी मात्र विणलेल्या कापडावर, मागावर बसणाऱ्याच्या नावाने मिळते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांपैकी जवळजवळ साडेआठ लाख, म्हणजे सुमारे एकचतुर्थांश, हे विणकर नसून पूरक काम करणारे होते आणि एकूण कामगारांत स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. ‘पूरक’ या शब्दामुळे ही कामे दुय्यम वाटतात. अभ्यासक्रम आखताना तीच दृष्टी नकळत येते आणि माग लावण्याचा भाग ‘पूर्वतयारी’ म्हणून बाजूला पडतो.

तिसरा मुद्दा विणकराच्या स्थितीचा. मोठे व्यापारी किंवा मास्टर विणकर तयार ताणा आणि बाण्याचे सूत देतात. विणकर मजुरीवर विणून कापड परत करतो. ताणा करता आला म्हणजे भांडवल मिळाले असे होत नाही. सूत विकत घ्यावेच लागते आणि बाजारही शोधावा लागतो. परंतु ज्याला ताणा करता येत नाही, त्याला हाती पैसा असूनही स्वतःचे कापड काढता येत नाही. कौशल्याने स्वातंत्र्य आपोआप येत नसले, तरी त्याच्या अभावी ते निश्चितच अडते.

हे केवळ चंदेरीपुरते नाही. बेळगाव भागातील शिक्षकांना परिचित असलेल्या इलकल साडीत पदराचा वेगळा ताणा अंगाच्या ताण्याला धाग्याधाग्याने फासांनी जोडतात. हैदराबादजवळच्या पोचमपल्लीत नक्षी सुतावरच बांधून रंगवली जाते आणि मग ते सूत मागावर चढते. या दोन्ही कापडांची ओळख मागावर बसण्याआधीच सिद्ध झालेली असते.

१०. वर्गासाठी क्रम

वरील विवेचनावरून समुदाय महाविद्यालयातील विणकामाच्या वर्गासाठी पुढील क्रम सुचवता येतो.

पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी चौकटीवर हाताने साधी वीण करावी, म्हणजे ताणा-बाण्याचा संबंध समजतो. दुसऱ्या टप्प्यात शिक्षकाने लावलेल्या मागावर थोडेसे विणू द्यावे. विणण्याचा आनंद आधी मिळाला, तर पुढचे कंटाळवाणे वाटणारे काम का करायचे हे उमगते. तिसऱ्या टप्प्यात त्या मागावरील ताणा मुद्दाम संपू द्यावा आणि सुताच्या हिशेबापासून जोडणीपर्यंत सारे विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. अध्यापनाचा सर्वांत मोठा वेळ या टप्प्याला द्यावा. चौथ्या टप्प्यात सांधणी, आणि पाचव्यात रुंदी किंवा वीण बदलून दुसरी कोरी भरणी.

मूल्यमापनही त्याप्रमाणे बदलावे लागेल. किती वार विणले याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात : विद्यार्थ्याने केलेला लेखी हिशेब प्रत्यक्ष लागलेल्या सुताशी कितपत जुळतो, त्याने लावलेल्या मागावर पहिल्या वारात किती दोष निघाले, आणि त्या दोषांची कारणे त्याला सांगता आली का. दोष निघाले म्हणून गुण कापण्यापेक्षा कारण अचूक सांगितल्याबद्दल गुण देणे अधिक उपयुक्त.

विणकर-घरांतील विद्यार्थिनींकडे येथे विशेष लक्ष द्यावे. कांडी भरणे, तुटलेला धागा जोडणे, लड उकलणे ही कामे त्यांच्या हातात लहानपणापासून असतात. मात्र विचारल्यास त्या ‘आम्हाला विणता येत नाही’ असेच सांगतात. शिक्षकाने ही कामे पूर्वज्ञान म्हणून नोंदवावीत आणि त्या टप्प्यांवर त्यांनाच शिकवण्याची संधी द्यावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना वर्गात बोलावून ताणा काढण्याचे व सांधणीचे प्रात्यक्षिक ठेवता येईल आणि त्याचे मानधनही द्यावे. सुताची निवड, फणीचे नंबर आणि रंगाई यांबाबत केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रांचे मार्गदर्शन घेता येते. या केंद्रांचे जाळे १९५६ पासून उभे राहिले आहे. इंदूर, हैदराबाद, नागपूर आणि मुंबई येथे अशी केंद्रे आहेत.

११. समारोप

विणकामाचे ज्ञान पूर्वी एका माणसाच्या हातात नसून घराच्या अनेक हातांत वाटलेले होते. एक सूत उकले, एक कांड्या भरी, एक धागे जोडी आणि एक मागावर बसे. घरातील पुढची पिढी दुसऱ्या कामाकडे वळली की या साखळीतील सर्वांत आधी नाहीशी होतात ती न दिसणारी कामे. महाविद्यालयाने फक्त मागावर बसणाऱ्याचे काम उचलले, तर साखळीचा एकच दुवा वाचतो आणि तोही फार काळ टिकत नाही.

म्हणून हातमागाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला एक साधी कसोटी लावून पाहावी : वर्गातील मागावरचा ताणा संपला, की शिक्षकाच्या मदतीशिवाय तो माग पुन्हा उभा करणारे किती विद्यार्थी त्या वर्गात आहेत? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर विणलेल्या कापडाची लांबी थोडी कमी भरली तरी अभ्यासक्रमाने आपले काम केले, असे म्हणता येईल.